समुद्रावर गळ टाकायची सुरुवात: आधी पाणी वाचा, रॉड नंतर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तळ्यात आणि नदीत गळ टाकायची सवय आहे, आता समुद्रावर, तेही होडीतून नाही तर किनाऱ्यावरून सुरुवात करायची आहे. रॉड-रीळ कोणतं घ्यावं, आमिष लावावं की लुअर (म्हणजे माशाला फसवणारं कृत्रिम आमिष), आणि उभं कुठे राहावं?

उत्तर मी उलट्या क्रमाने देतो. समुद्रावर नवखा माणूस रिकाम्या हाताने परततो तो बहुतेक वेळा चुकीच्या रॉडमुळे नाही. जिथे त्या घटकेला मासाच नाही, तिथे तो उत्तम रॉड घेऊन उभा असतो. तळ्यातलं पाणी जागच्या जागी असतं, त्यामुळे काल जिथे मासा लागला तिथे आजही लागण्याची शक्यता असते. समुद्रात मात्र सकाळी जिथे डोक्यावर पाणी असतं तिथे दुपारी कोरडी पुळण असते. मासा त्या पाण्याबरोबर आत येतो आणि पाण्याबरोबरच बाहेर जातो. म्हणून भरती-ओहोटी आधी समजून घ्या.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे सहाला भरती असेल तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी असेल. सगळीकडे असंच असतं असं नाही. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते, भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम चढतं, आणि कॅनडातल्या बे ऑफ फंडीत ते 16 मीटरपर्यंत चढतं. तुमच्या किनाऱ्याचं वेळापत्रक कसं आहे ते भरतीच्या तक्त्यावरून एकदा नीट पाहून घ्या. तक्ता एखाद्या बंदरापुरता असतो हेही लक्षात ठेवा. खाडीत आत गेलात तर भरती तिथे उशिरा पोचते. जोराचा वारा समुद्राकडून लागला असेल किंवा हवेचा दाब उतरला असेल, तर पाणी तक्त्यापेक्षा जास्त चढतं. दाब एक मिलिबारने कमी झाला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं.

पाणी सहा तास एका चालीने चढत नाही, ही गोष्ट गळ टाकणाऱ्याच्या सर्वांत उपयोगाची आहे. खलाशांचा बारा भागांचा हिशेब आहे: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. समजा ओहोटी आणि भरती यांच्यात तीन मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी 25 सेंटीमीटरच चढेल, दुसऱ्यात 50, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 75, मग 50 आणि शेवटी 25. म्हणजे मधल्या दोन तासांत पाण्याला सगळ्यात जास्त ओढ असते, आणि दोन्ही टोकांना ते जवळजवळ थांबतं. मासा खायला उठतो तो पाणी चालू असताना, कारण वाहतं पाणी कोलंबी, किडे आणि बारीक मासळी त्याच्यापुढे आणून टाकतं. पाणी थांबलं की बहुतेक वेळा चावाही थांबतो. आपण जागेवर आलो आणि पाऊण तास काहीच हललं नाही, तर जागा वाईट ठरवण्याआधी घड्याळ आणि तक्ता पाहा. कदाचित पाणी उभं असेल.

आता तिथीचा भाग. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, खरं तर एक-दोन दिवसांनी, उधाणाची भरती येते. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी आणि ओढही कमी. नव्या माणसाला मी या दोन्हींच्या मधले दिवस सांगतो. ऐन उधाणात पाणी इतकं ओढतं की दोरीला लावलेलं शिशाचं वजन जागेवर राहत नाही आणि दोरीवर शेवाळ गोळा होतं. ऐन भांगात काही जागी पाण्याला जीवच नसतो. उघड्या पुळणीवर चढत्या भरतीचे शेवटचे दोन तास आणि उतरतीचा पहिला तास धरा. खाडीच्या मुखावर उतरतं पाणी धरा, कारण खाडीत चढलेली बारीक मासळी आणि कोलंबी त्या पाण्याबरोबर बाहेर पडते आणि मोठा मासा मुखाशी तिची वाट पाहत असतो. यात पहाट किंवा तिन्हीसांजेचा अंधुक उजेड जुळून आला तर अधिक चांगलं. तरीही उजेड आणि पाणी यांत निवड करायची वेळ आली तर मी पाणी निवडेन.

हे समजलं की पहिलं काम रॉडशिवाय करायचं. उधाणाच्या दिवशी ऐन ओहोटीला तुमच्या जागेवर जा. त्या वेळी जी जमीन उघडी पडते तिच्यावरच भरतीला तुमचं आमिष पडणार आहे. वाळूत समांतर खोलगट पट्टे दिसतील, त्यांत पाणी साचून राहिलेलं असेल. एखाद्या कातळाच्या पायथ्याशी लाटांनी खड्डा कोरलेला असेल. कुठे कालवांचे थर असतील, कुठे वाळूच्या कडेला अचानक चिखल सुरू होत असेल. वाळूत बारीक भोकं दिसली तर तिथे किडे आणि खेकडे आहेत, म्हणजे माशाचं खाणं आहे. मोबाइलमध्ये फोटो काढा, आणि फोटोत किनाऱ्यावरची न हलणारी खूण येऊ द्या, झाड, खांब, मोठा दगड काहीही. भरतीला सगळं एकसारखं दिसतं, तेव्हा या खुणाच सांगतात की खड्डा कुठे आहे. एकच जागा धरा आणि तिला वेगवेगळ्या पाण्याला जाऊन पाहा. दर खेपेला नवी जागा शोधणाऱ्याला कुठलीच जागा कळत नाही.

पाणी भरलेलं असतानाही तळ वाचता येतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट-दीडपट उरली की लाट फुटते. म्हणून जिथे लाटांची पांढरी रेघ सतत एकाच जागी फुटते तिथे वाळूचा उंचवटा आहे. उंचवटा ओलांडून लाट पुन्हा सपाट होते आणि पाण्याचा रंग गडद दिसतो, तिथे खोल पट्टा आहे. हा पट्टा म्हणजे माशांचा रस्ता. तो कधीकधी काठापासून इतका जवळ असतो की हाताने दगड टाकला तरी पोचेल, आणि नवखे लोक पूर्ण ताकदीने फेकून नेमके त्याच्या पलीकडे आमिष टाकतात. भरतीला मासा गुडघाभर पाण्यात, अगदी फेसाच्या कडेला येतो. म्हणून पहिली फेक जवळ, पुढची थोडी लांब, मग डावीकडे, मग उजवीकडे, असं पाणी चाचपत जा. आल्याआल्या पाण्यात पाय घालून उभे राहू नका. पहिली फेक कोरड्या वाळूवरूनच करा.

आणखी एक जागा ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एका अरुंद पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गढूळ आहे आणि फेस समुद्राकडे चाललाय, तर तो परतीचा प्रवाह आहे. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या वाटेने परत जातं आणि जाताना वाळू खरवडून नेतं. त्याच्या कडेला मासा असतो, कोरड्या जागेवरून तिथे जरूर आमिष टाका. त्यात उतरू मात्र कधीही नका. वरून शांत दिसणारा तो पट्टा पोहणाऱ्या माणसाला सहज आत ओढतो. कोणी सापडलाच तर त्याने किनाऱ्याकडे सरळ झुंजायचं नाही, काठाला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर यायचं. तेवढं बळ नसेल तर तरंगत राहून हात हलवत मदत मागायची.

सुरक्षेचं इथेच बोलून घेतो, शेवटी लिहिलं तर वाचलं जात नाही. कातळावर गळ टाकणं हा या छंदातला सर्वांत जीवघेणा भाग आहे. पहिलं वर्ष पुळण, खाडीचा काठ किंवा कठडा असलेला धक्का एवढ्यावरच राहा. पुढे कातळावर गेलात तर सामान उघडण्याआधी निदान वीस मिनिटं नुसता समुद्र पाहा. दुरून आलेल्या लांब लाटा टोळीने येतात. कित्येक मिनिटं शांत जातात आणि मग तीन-चार मोठ्या एकामागून एक चढतात. कातळ जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत लाट येते, म्हणून ओल्या कातळावर उभं राहायचं नाही. समुद्राकडे पाठ करून आमिष लावायचं नाही. चढत्या पाण्यात परतीची वाट आधी बुडते की तुमची जागा, हे ओहोटीलाच पाहून ठेवा. एकटे जाऊ नका, आणि काठावरून जाताना फुगणारं जीवरक्षक जॅकेट घाला. कोणी पडलं तर मागून उडी मारू नका, तरंगणारी कुठलीही वस्तू फेका, रिकामा बंद डबासुद्धा चालेल. ढगांचा गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून आसरा गाठा. रॉड बहुधा कार्बनचा असतो आणि कार्बनमधून वीज वाहते.

आता गळाची जुळणी. सुरुवातीला एकच जुळणी शिका: सरकत्या शिशाची. रिळावरून आलेल्या दोरीत भोक असलेलं शिसं ओवायचं, त्याच्यामागे एक मणी, मग दोरी स्विव्हेलला, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या दुहेरी कडीला, बांधायची. स्विव्हेलच्या दुसऱ्या कडीला हात-दीड हात लांबीची जरा जाड दोरी, आणि तिच्या टोकाला गरी. मासा आमिष तोंडात घेऊन चालू लागला की दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन लगेच जाणवत नाही. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून गाठ कमकुवत होते, म्हणून तो गाळू नका. पाण्याला ओढ जास्त असेल आणि सगळं गुंतत असेल तर दुसरी जुळणी: शिसं सगळ्यात खाली आणि गरी त्याच्या वर आखूड फांदीवर.

शिसं किती? तळाला कसंबसं टिकेल एवढंच. पुळणीवर 30 ते 60 ग्रॅममध्ये बरंच काम होतं. आमिष हळूहळू घरंगळत गेलं तर चांगलंच, ते स्वतःच खोलगट पट्टा शोधून थांबतं. वाळूत कोनी आकाराचं शिसं रुतून बसतं, गोल शिसं लोळतं. दगडी तळावर खालच्या शिशाची जुळणी वापरा आणि शिसं मुख्य दोरीपेक्षा बारीक, कमी ताकदीच्या तुकड्याने बांधा. अडकलं तर तो तुकडा तुटतो, तेवढं शिसं जातं आणि गरी, आणि असेल तर मासाही, हाती येतो. शिसं दाताने दाबायची काहींना सवय असते, ती लावून घेऊ नका. ते विषारी आहे, खाण्याआधी हातही धुवा.

गरीच्या क्रमांकांत सगळेच गोंधळतात. 1, 2, 4, 6 असे आकडे वाढतील तशी गरी लहान होते. आकड्यापुढे शून्य आलं, म्हणजे 1/0, 2/0, 4/0, की उलट ती वाढत्या क्रमाने मोठी होते. सुरुवातीला 2 पासून 2/0 पर्यंतच्या गऱ्या घ्या. लहान गरीवर मोठा मासा येतो, पण मोठ्या गरीवर लहान मासा येत नाही, आणि पहिल्या महिन्यांत तुम्हाला चावे हवे आहेत. शक्य असेल तर टोक आत वळलेली गोल गरी वापरा, तिला सर्कल हुक म्हणतात. ती माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकते, पोटात सहसा जात नाही, त्यामुळे सोडलेला मासा बहुधा जगतो. फक्त तिला झटका मारायचा नाही. नदीवर झटका मारायची सवय असलेल्यांना हे जड जातं. मासा ओढू लागला की रॉड तसाच ठेवून सावकाश रीळ फिरवायचं, दोरी ताठ झाली की गरी आपोआप वळून बसते.

आमिषात ताजेपणासारखं काही नाही. कोलंबी, बांगड्याची किंवा तारलीची पट्टी, माकुळ, ही तीन जवळपास कुठल्याही समुद्रात चालतात. त्यापेक्षा चांगलं आमिष म्हणजे त्या जागेवर मासा रोज जे खातो ते: तिथल्याच वाळूतले किडे, तिथलाच छोटा खेकडा. ते काढायला परवानगी आहे का, तेवढं पाहून घ्या. कोलंबी लावताना शेपटीचं पातं मोडून टाका, गरी शेपटीकडून घालून कोलंबीच्या बाकाबरोबर आत सरकवा आणि टोक पोटाकडून बाहेर काढा. टोक उघडं राहिलं पाहिजे. पुष्कळ जण ते माशाला दिसू नये म्हणून लपवतात आणि मग गरी लागत नाही. कोलंबी सरळ बसली पाहिजे, गोळा होऊन बसली तर पाण्यात फिरत राहते आणि दोरीला पीळ पाडते. ती फेकताना सुटत असेल तर बारीक रबरी दोऱ्याचे चार वेढे द्या. बारीक मासे सारखी टोचून कोलंबी संपवत असतील तर माकुळाची पट्टी लावा, ती चिवट असते. काहीही लावलं तरी दहा-पंधरा मिनिटांनी काढून पाहा. रिकाम्या गरीची राखण करण्यात बराच वेळ वाया जातो.

गाठ एकच शिका, पण अंधारात बांधता येईल इतकी. मी युनी गाठ सांगतो. दोरी गरीच्या डोळ्यातून ओवून परत मागे आणा, म्हणजे दोन पदर शेजारी शेजारी येतील. सुट्या टोकाचा एक फासा करा आणि त्या टोकाने फाशातून, दोन्ही पदरांभोवती, पाच-सहा वेढे घ्या. टोक हळू ओढून वेढे जवळ आणा. आता थांबा आणि गाठ ओली करा. कोरडी नायलॉनची दोरी आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते, मासा तुटून जातो तो बहुधा याच जागी. ओली करून मुख्य दोरी ओढली की गाठ सरकत डोळ्यापाशी जाऊन बसते. बोटांना वेढे एकाला एक लागून बसलेले जाणवले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर कापून पुन्हा बांधा. शेवटी जोराने ओढून पाहा. दोन दोऱ्या एकमेकींना जोडायला हीच गाठ दोन्हीकडून बांधतात, त्यामुळे एका गाठीत बरंच भागतं.

फेकायचं कसं ते वाचून येत नाही, पण काही गोष्टी सांगता येतात. आधी मागे वळून पाहा, रोज आणि दर वेळी. शिसं रॉडच्या टोकापासून हात-दीड हात खाली लोंबू द्या. झटका नको, सावकाश सुरू करून वेग वाढवत न्या आणि रॉड समोर वर तिरपा असताना बोटातून दोरी सोडा. शिसं पाण्यात पडलं की रिळावरची उघडमिट होणारी तार (बेल) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको, आणि ढिली दोरी लगेच ताणून घ्या. 60 ग्रॅमच्या पुढचं शिसं जोराने फेकणार असाल तर मुख्य दोरीपुढे जाड दोरीचा तुकडा जोडायलाच हवा. फेकताना बारीक दोरी तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं. नेहमीचा हिशेब असा की दर 30 ग्रॅम शिशाला दहा पौंडाची ताकद, म्हणजे 90 ग्रॅमला तीस पौंड. तुकडा इतका लांब ठेवा की शिसं लोंबत असताना त्याचे चार-पाच वेढे रिळावर असतील.

रॉड स्टँडला लावून गप्पा मारण्यापेक्षा सुरुवातीला हातातच धरा आणि दोरी तर्जनीवर टेकवा. लाटेची ओढ लांब, एकसारखी लागते आणि सुटते. खेकडा लागला की जडपणा जाणवतो पण थरथर नसते. बारीक मासे टकटक करतात. चांगला मासा एक-दोनदा चाचपतो आणि मग दोरी एका दिशेला चालू लागते, किंवा अचानक ढिली पडते, कारण तो आमिष घेऊन तुमच्याकडेच येतोय. ढिली दोरी दिसली की लगेच रीळ फिरवा.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटावी ते ठरवणारा ब्रेक, घरीच लावून घ्या. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढ्या ओढीला दोरी सुटली पाहिजे. आठ किलोची दोरी असेल तर दोन-अडीच किलोला. साधा लटकवायचा काटा दोरीला बांधून ओढला की कळतं. मासा पळतोय तोवर पळू द्या, तेव्हा रीळ फिरवल्याने फक्त दोरीला पीळ पडतो. काठाशी आला की घाई करू नका, तिथेच जास्त मासे सुटतात. मागे जाणाऱ्या लाटेत त्याला ओढायचं नाही, दोरी ताठ ठेवून वाट पाहायची. पुढची लाट आत आली की तिच्याबरोबर चार पावलं मागे सरकत त्याला वाळूवर आणायचं आणि पाणी उतरलं की पुढे होऊन उचलायचं.

उचलायचं, पण काय आहे ते ओळखून. समुद्रात हा धडा नदीपेक्षा फार महत्त्वाचा आहे. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे विषारी काटे असतात, पाखटाच्या शेपटीवरही असतो. ओळखीचा नसलेला मासा हातात घेऊच नका, लांब चिमट्याने गरी काढा किंवा दोरी कापून टाका. पाखटाच्या भागात पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे तो आधीच दूर होतो. काटा लागला तर जखम भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात, साधारण 40 ते 45 अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना बऱ्याच कमी होतात. मग डॉक्टरकडे जा. छातीत, पोटात किंवा मानेत काटा घुसला असेल तर तो उपटू नका, थेट रुग्णालय गाठा. फुगणारा केंड कधीही खाऊ नका, त्यातलं विष शिजवून जात नाही. बांगडा, कुपा अशा जातींचा मासा उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, तेही शिजवून जात नाही. खायला ठेवायचा मासा लगेच मारून बर्फात घाला, आणि बर्फ न्यायला जमलं नसेल तर त्या दिवशी सगळे मासे सोडा.

सोडायचा मासा ओल्या हाताने, आडवा धरा. कोरड्या हाताने आणि वाळूने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, तो त्याचं रोगापासून रक्षण करतो. कल्ल्यांत बोट घालू नका. गरी खोल गेली असेल तर ओढू नका, दोरी तोंडाशी कापा. परवाना, बंदीचा काळ, माशाची कमीत कमी लांबी आणि संरक्षित जाती यांचे नियम प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे असतात, ते तिथल्या मत्स्यविभागाकडून आधीच समजून घ्या. शार्क आणि पाखटांच्या बऱ्याच जाती संरक्षित आहेत. तुटलेल्या दोरीचा एकही तुकडा मागे ठेवू नका, ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्ष्यांच्या व कासवांच्या पायांत अडकते. हे मी कळकळीने सांगतो आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, रॉड. किनाऱ्यावरून सर्व कामांना नऊ ते दहा फुटांचा, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड घ्या, ज्यावर 20 ते 60 ग्रॅमच्या आसपास फेकण्याचं वजन लिहिलेलं असेल. त्याला 4000 किंवा 5000 आकाराचं, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं रीळ. पैसे कमी असतील तर रॉड साधा घ्या आणि रीळ चांगलं, कारण खारं पाणी रिळालाच खातं. दोरी म्हणाल तर पहिल्या हंगामाला मी विणलेल्या ब्रेडऐवजी साधी नायलॉनची, 0.35 मिलिमीटरच्या आसपासची सांगेन. ब्रेड लांब जाते आणि चावा स्पष्ट कळतो, पण वाऱ्यात तिचा गुंता झाला की सोडवता सोडवता भरती निघून जाते. शिवाय ती दगडाला लागली की लगेच कापली जाते. नायलॉनची दोरी ताणली जाते, त्यामुळे नवशिक्याच्या हातून झालेली घाई ती सांभाळून घेते. फेक जमली की ब्रेडवर या, आणि तेव्हा रिळावर आधी नायलॉनचे थोडे वेढे घाला, नाहीतर ब्रेड गुळगुळीत रिळावर आख्खीच फिरत राहते.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा. जोराचा फवारा मारू नका आणि बादलीत बुडवू नका, मीठ आत ढकललं जातं. पुसून ड्रॅग ढिला करा आणि सावलीत वाळवा. रॉडच्या कड्याही धुवा. वापरलेली गरी नव्या गऱ्यांच्या डब्यात परत टाकू नका, एका खाऱ्या गरीने सगळा डबा गंजतो.

राहिलं लुअर. ते पहिल्या दिवशी नको. आमिष पाण्यात पडून वास सोडत राहतं आणि माशाला तुमच्याकडे आणतं. लुअर मात्र मासा असेल तिथूनच न्यावं लागतं, म्हणजे जागा आधी माहीत हवी. चार-सहा महिन्यांत तुमची जागा कोणत्या पाण्याला चालते हे कळलं, की 20 ते 30 ग्रॅमचा धातूचा पत्रा किंवा जिग (वजनदार धातूचं लुअर) घ्या. तो वाऱ्यातही लांब जातो आणि कुठल्याही खोलीवर चालतो. पाण्यात पडल्यावर तळ लागेपर्यंत मोजा, मग दोन-चार वेढे जलद, एक क्षण थांबा, पुन्हा जलद. चावा बहुधा त्या थांबण्यात येतो. त्यावरची तीन टोकांची गरी काढून एक टोकाची लावा, मासाही नीट सोडता येतो आणि स्वतःचं बोटही वाचतं.